परदेशात रँच कम्युनिटी उभी करायची? टीम जमवताना या चुका टाळा

उद्यमबागेतला एक फाउंड्रीवाला, निपाणीकडचा तंबाखूचा व्यापारी, खानापूर रोडला लेआउट पाडून हात बसलेला बिल्डर आणि डॅलसला असलेला कुणाचा तरी भाचा. टेक्सासमध्ये चारशे-पाचशे एकर घ्यायचे, दहा-दहा एकरांचे प्लॉट पाडायचे, मध्ये सामाईक कुरण, तबेला, गाई आणि क्लबहाऊस ठेवायचं आणि तिकडच्या भारतीय कुटुंबांना विकायचं, हा बेत अशाच चौघांच्या बैठकीत शिजतो. बेत वाईट नाही. तो बिघडतो टीम ठरवताना. पैसे कोण घालणार, सह्या कोण करणार, तिकडे कोण बघणार, एवढं ठरलं की टीम झाली असं समजतात. पण या यादीतल्या प्रत्येकाचा फायदा व्यवहार होण्यातच असतो. ‘ही जमीन घेऊ नका’ असं सांगण्याचे पैसे घेणारा माणूस तिच्यात नसतो. पुढच्या बहुतेक भानगडी इथूनच सुरू होतात.

कागद वाचायला विकणाऱ्याचाच माणूस

आपल्या बेळगावच्या सीमाभागात कागद वाचणारा एक आणि सही करणारा दुसरा, हे काही नवीन नाही. उतारा कन्नडमधून येतो. मराठी शाळेत शिकलेली मागची पिढी तो घेऊन ओळखीच्या माणसाकडे जाते आणि म्हणते, ‘जरा अकरावा रकाना वाचून सांग की.’ मालकाचं नाव नवव्या रकान्यात असतं. बोजा, सोसायटीचं कर्ज, दुसऱ्याचा हक्क हे सगळं अकराव्यात. हा रकाना विकणाऱ्याच्या माणसाकडून वाचून घेण्याइतकं खुळं आपल्याकडे कुणी नाही. हीच माणसं टेक्सासची जमीन घेताना मात्र दलालाच्या ईमेलवर भागवतात, कारण कागद इंग्रजीत असतो आणि इंग्रजी आपल्याला येतं.

तिकडचा अकरावा रकाना म्हणजे टायटल कमिटमेंटमधलं शेड्यूल बी. टायटल कंपनी, म्हणजे जमिनीच्या मालकीहक्काचा विमा उतरवणारी कंपनी, विमा देण्याआधी हा कागद देते आणि ज्या गोष्टींची जबाबदारी ती घेणार नाही, त्या शेड्यूल बी मध्ये लिहिते. पाइपलाइनचा हक्क, शेजाऱ्याची वाट, वीजवाहिनी. या यादीत अनेकदा एक ओळ सापडते: फार पूर्वीच्या एका मालकाने जमीन विकताना तेल, वायू आणि इतर खनिजं स्वतःकडे राखून ठेवली आहेत. टेक्सासमध्ये वरची जमीन एकाची आणि खालची खनिजं दुसऱ्याची असू शकतात, आणि त्यात खनिजमालकाचा हक्क वरचढ मानला जातो. खनिज काढायला वाजवी गरजेपुरती वरची जमीन त्याला किंवा त्याच्या लीजवाल्या कंपनीला वापरता येते. रस्ता काढता येतो, तेलविहीर खोदता येते. ज्या प्लॉटवर तुम्ही घोड्यांची पायवाट आणि सूर्यास्त विकणार, त्याच्या मधोमध उद्या ड्रिलिंगचं यंत्र उभं राहिलं तर ग्राहक तुमच्याकडेच येणार. यावर उपाय आहे. खनिजमालकाकडून सरफेस वेव्हर, म्हणजे वरची जमीन वापरणार नाही असा कागद, लिहून घ्यायचा, किंवा ड्रिलिंगसाठी कोपऱ्यातली ठराविक जागा नेमून द्यायची. पण ही बोलणी खरेदीच्या आधी होतात आणि ती वकील करतो, दलाल नाही.

दलालाला पैसे व्यवहार झाल्यावर मिळतात. टायटल कंपनी कुणा एकाची बाजू घेत नाही, पण म्हणून ती तुमची होत नाही. त्यामुळे टीममधला पहिला माणूस त्याच काउंटीत (तिकडचा जिल्हाच म्हणा) काम केलेला जमिनीचा वकील हवा. त्याची फी तासावर किंवा ठोक ठरवा, म्हणजे व्यवहार मोडला तरी ती त्याला मिळेल. खरेदीच्या करारात तपासणीची मुदत मागून घ्या. त्या मुदतीत ठरलेल्या अटींवर माघार घेता येते. ही मुदत न मागता मोठा विसार देऊन मोकळे होणारे लोक आहेत, आणि संचकारपत्राचा इथला अनुभव दांडगा असलेल्यांच्यातच ते जास्त आहेत.

आधी आर्किटेक्ट, मग पाणी

ब्रोशर सुंदर होतं. त्यात तळं असतं. तळ्यात पाणी कुठून येणार, हे विचारायला कुणाला नेमलेलं नसतं.

बेळगाव जिल्ह्यातल्या माणसाला हे शिकवायची गरज नाही. कणकुंबीला पावसाळ्यात छत्री मिटत नाही आणि त्याच जिल्ह्यात अथणीकडे टँकरची वाट बघतात. टेक्सासमध्ये हाच फरक कितीतरी मोठा आहे. पूर्वेला ब्यूमाँटकडे वर्षाला 60 इंचांच्या आसपास पाऊस पडतो, तर पश्चिमेच्या टोकाला एल पासोला जेमतेम 9. एकरी भाव स्वस्त दिसला की आधी हा आकडा बघावा. कोरड्या भागात एका गाईला पंचवीस-तीस एकर आणि कधी त्याहूनही जास्त चराई लागते. म्हणजे पाचशे एकरांत जेमतेम वीस गाई, आणि त्यातले निम्मे एकर तुम्ही प्लॉट म्हणून विकणार.

म्हणून वकिलानंतर भूजलतज्ज्ञ, मग सर्व्हेअर, मग सिव्हिल इंजिनिअर आणि सगळ्यात शेवटी आर्किटेक्ट. प्लॉटना बोअरचंच पाणी देणार असाल तर ते पुरेल याचा परवानाधारक इंजिनिअरचा किंवा भूवैज्ञानिकाचा दाखला मंजुरीच्या वेळी लागतो. सांडपाण्याचा नियमही पाण्याशीच बांधलेला आहे. प्रत्येक घराची स्वतःची बोअर आणि स्वतःची सेप्टिक असेल तर राज्याच्या नियमाने प्लॉट किमान एक एकराचा हवा, आणि काउंटी त्याहून जास्त मागू शकते. सगळे प्लॉट दहा एकरांहून मोठे असतील आणि आत नवीन रस्ते काढायचे नसतील, तर प्लॅटच्या, म्हणजे लेआउट नकाशाच्या, मंजुरीतून सूट मिळू शकते. आपल्याकडचे बिल्डर हे वाक्य ऐकून खूश होतात आणि ‘रस्ते काढायचे नसतील’ हा भाग विसरतात.

पाण्याकडे बघायला माणूस नसला की काय होतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. बेंगळुरूच्या करुतुरी कंपनीने इथिओपियातल्या गॅम्बेला भागात एक लाख हेक्टर जमीन भाडेपट्ट्यावर घेतली होती. जमीन बारो नदीच्या पूरक्षेत्रात. 2011 मध्ये पुराने मक्याचं पीक बुडालं आणि 2015 अखेरीस तिथल्या सरकारने करार रद्द केला. पैसा होता, सरकारचं पाठबळ होतं, नदी मात्र कुणी नीट वाचली नव्हती.

‘गावाकडचा एक गडी पाठवू’

गाई सांभाळायला आपला माणूस नेऊ, हे प्रत्येक बैठकीत कुणीतरी म्हणतंच. तसं सरळ नेता येत नाही. अमेरिकेत जमीन घेतली म्हणून व्हिसा मिळत नाही. व्यापारी गुंतवणूकदारांचा ई-2 व्हिसा करार असलेल्या देशांच्या नागरिकांनाच मिळतो, आणि भारताशी तसा करार नाही. बी-1 या कामापुरत्या भेटीच्या व्हिसावर जाऊन बैठका घेता येतात, करारावर सही करता येते. कुंपण घालता येत नाही. गुंतवणुकीवर ग्रीन कार्ड देणाऱ्या ईबी-5 ची रक्कम ग्रामीण भागातही 8 लाख डॉलर आहे, आणि ती गड्यासाठी कुणी भरणार नाही.

रँच मॅनेजर तिथलाच हवा, आणि तो शोभेसाठी नाही. टेक्सासमध्ये शेती-पशुपालनाखालच्या जमिनीवर कर बाजारभावाने नव्हे, उत्पादनक्षमतेच्या हिशोबाने बसतो. गाई काढून तुम्ही प्लॉट पाडले की त्या भागाचा वापर बदलला असं धरतात, आणि मागच्या तीन वर्षांच्या करातला फरक भरावा लागतो. कुठले प्लॉट कधी वेगळे करायचे, कुठल्या कुरणात गाई चालू ठेवायच्या, हे मॅनेजर आणि कर सल्लागार यांनी एका टेबलावर बसून ठरवायचं असतं. आपल्याकडे हे दोघे एकमेकांना ओळखतही नाहीत. मॅनेजर निवडताना टेक्सास ए अँड एम ॲग्रीलाइफ या विद्यापीठाच्या शेतीसल्ला सेवेच्या काउंटी एजंटला भेटा. त्या भागात कुणाची कुरणं नीट राहिली आहेत, हे त्याला माहीत असतं.

जाता जाता एक गंमत. तिकडे दिसणारी गुरांची वशिंडवाली ‘ब्राह्मन’ जात ज्या भारतीय गुरांपासून घडली, त्यांत गीर, काँक्रेज, ओंगोल यांच्याबरोबर आपल्या कृष्णा खोऱ्यातलं गुरूही आहे. बैठकीत सांगायला बरं वाटतं, पण त्याने चारा वाढत नाही.

पैसा: इथे घाई करणारे सगळ्यात जास्त अडकतात

रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली भारतात राहणाऱ्या एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात. व्यक्तीला, हा शब्द महत्त्वाचा. भागीदारी फर्मला, ट्रस्टला आणि हिंदू अविभक्त कुटुंबालाही ही सोय नाही. आपल्याकडे एकत्र कुटुंबाच्या खात्यातून सगळे व्यवहार करायची सवय आहे. तो पैसा आधी रीतसर ज्याच्या त्याच्या नावावर आला पाहिजे. घरातल्या चौघांच्या मर्यादा एकत्र करणार असाल तर मालकीतही चौघांची नावं हवीत. या कामासाठी बँक कर्ज देऊन तोच पैसा बाहेर पाठवत नाही. वर्षाला 10 लाखांच्या वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेते. तो प्राप्तिकरात वळता होतो, पण दोन कोटी पाठवताना 38 लाख वेगळे तयार ठेवावे लागतात. खरेदीची तारीख मार्चअखेर-एप्रिल अशी ठेवली तर दोन वर्षांच्या मर्यादा वापरता येतात. हे वकिलाला आधी सांगा, म्हणजे तो तारीख तशी मागेल.

एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. नुसती जमीन घ्यायची आणि चढ्या भावाने विकायची, असा धंदा करणाऱ्या परदेशी कंपनीत गुंतवणूक करायला परदेशी गुंतवणुकीच्या 2022 च्या नियमांनी मनाई आहे. टाउनशिप विकसित करणं, घरं आणि रस्ते बांधून विकणं त्या मनाईत येत नाही. तुमचा बेत यातल्या कुठल्या बाजूला पडतो, हे कंपनी काढण्याआधी फेमा हा परकीय चलनाचा कायदा कोळून प्यालेल्या सीएला विचारा. आपला नेहमीचा जीएसटीवाला सीए या कामाचा नाही, कितीही घरोबा असला तरी.

आणि कृपा करून गल्लीतून पाच-पाच लाख जमवू नका. परताव्याचं आश्वासन देऊन लोकांकडून ठेवी घेणं 2019 च्या केंद्रीय कायद्यात आणि कर्नाटकच्या 2004 च्या ठेवीदार संरक्षण कायद्यात सापडू शकतं. पतसंस्थांची पडझड या भागाने पुरेशी पाहिली आहे.

देश आधी ठरवला, कायदा नंतर बघितला

2020 ची दुरुस्ती येईपर्यंत कर्नाटकात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नव्हती. महाराष्ट्रात अजूनही अट आहे. तरी परदेशात सगळं खुलं असतं, असं आपण धरून चालतो. पंजाबचे शेतकरी 2012 च्या सुमारास जॉर्जिया देशात जमिनी घ्यायला गेले. 2013 मध्ये तिथल्या संसदेने परदेशी खरेदीला स्थगिती दिली आणि पुढे ही बंदी थेट राज्यघटनेतच गेली. केनियात परदेशी माणसाला मालकी मिळत नाही, फक्त 99 वर्षांपर्यंतचा पट्टा. न्यूझीलंडमध्ये शेताला सरकारी परवानगी लागते. टेक्सासने सप्टेंबर 2025 पासून चीन, रशिया, इराण आणि उत्तर कोरियाशी संबंधित खरेदीवर बंधनं आणली. त्यात आज भारत नाही.

आधीच अडकला असाल तर

जमीन घेऊन झाली आणि अमेरिकी कृषी खात्याला कळवलंच नाही? 1978 च्या कायद्याप्रमाणे परदेशी व्यक्तीने शेतजमीन घेतल्यावर 90 दिवसांत कळवायचं असतं. दंड बाजारभावाच्या 25 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. उशिरा का होईना, वकिलामार्फत स्वतःहून भरा. इकडच्या रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचं शेड्यूल एफए रिकामं सोडलं असेल तर मुदत आहे तोवर रिटर्न सुधारा. काळा पैसा कायद्याखालचा 10 लाखांचा दंड पैसा पांढरा असला तरी लागू शकतो.

जमीन वैयक्तिक नावावर घेतली असेल तर वारसाचा प्रश्न लगेच काढा. अमेरिकेत न राहणाऱ्या परदेशी मालकाला तिथल्या इस्टेट टॅक्समध्ये, म्हणजे मृत्यूनंतर मालमत्तेवर बसणाऱ्या करात, फक्त 60,000 डॉलरची सूट आहे, आणि भारताशी याबाबत करार नाही. वडिलांच्या नावावर मानाने घेतलेली जमीन इथेच महागात पडते. विकताना खरेदीदार किमतीच्या 15 टक्के कापून अमेरिकी कर खात्यात भरतो. तो पैसा रिटर्न भरून परत मागता येतो, पण तोपर्यंत तो तुमच्या हातात नसतो.

प्लॉटवाले कुरकुरायला लागले, क्लबहाऊसचा खर्च कुणी द्यायचा यावर वाद आहे? नियमावली काउंटीत नोंदवली आहे का, ते आधी बघा. तीन-चतुर्थांश प्लॉट विकले गेले की 120 दिवसांत प्लॉटमालकांच्या संघटनेच्या संचालक मंडळातल्या किमान एक-तृतीयांश जागा प्लॉटमालकांनी निवडायच्या असतात. तुम्ही टाळलं म्हणून ते टळत नाही.

‘बँक खातं बदललंय, नवीन खात्यात पाठवा’ असा ईमेल खरेदीच्या आदल्या दिवशी आला तर पैसे थांबवा आणि आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर टायटल कंपनीला फोन करा. ईमेलमधल्या नंबरवर नाही.

आणि भाचा. ‘काका, मी बघतो सगळं’ म्हणणारा भाचा प्रामाणिकच असतो, पण त्याची नोकरी आहे, पोरं आहेत आणि रँच दोनशे मैलांवर आहे. त्याचं काम लिहून काढा, मोबदला ठरवा, ठराविक रकमेवर दुसरी सही लावा. पूर्ण मुखत्यारपत्र दिलं असेल आणि आता फाटलं असेल तर ते लेखी रद्द करा आणि ते रद्दपत्र जमीन ज्या काउंटीत आहे तिथल्या काउंटी क्लार्ककडे नोंदवा. फॅमिली ग्रुपवर ‘आजपासून तुझी सही चालणार नाही’ असं लिहिलेलं टायटल कंपनीला दिसत नाही.