स्विमिंग पूलमध्ये पेट्रोल-डिझेल सांडलं? घाईघाईत या चुका करू नका

पूलच्या कडेला जनरेटरमध्ये पेट्रोल भरताना माझ्या हातून कॅन कलंडला आणि बघता बघता पाण्यावर रंगीत तवंग पसरला. पहिला विचार काय आला, तर पंप चालू करूया, फिल्टर काढेल सगळं. घरातल्यांनी वेळीच थांबवलं म्हणून वाचलो.

पेट्रोल असो की डिझेल, पाण्यापेक्षा हलकं असतं म्हणून वर तरंगतं, आणि जोवर ते वर आहे तोवर टिपून काढता येतं. पंप चालू केला की स्किमर (पूलच्या कडेचं पाणी ओढणारं तोंड) नेमका तोच वरचा थर ओढतो, मग फिल्टरची वाळू, कार्ट्रिज (फिल्टरमधली बदलता येणारी गाळणी), पाइप, रबरी रिंगा सगळीकडे इंधन. शिवाय पेट्रोलची वाफ शून्याखाली 40 अंशाच्या आसपासही पेट घेऊ शकते आणि हवेपेक्षा जड असल्याने पंपच्या खड्ड्यात साचून राहते. म्हणून पंप, हीटर, लाइट सगळं बंद करायचं, पण लांबच्या मेन स्विचवरून, पूलशेजारचं बटण दाबायचं नाही कारण एक ठिणगी पुरते. मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना लांब ठेवा. पेट्रोल जास्त सांडलं असेल तर स्वतः काही करत बसू नका, सरळ फायर ब्रिगेडला फोन करा.

दुसरी चूक म्हणजे भांड्यांचा साबण ओतणं. तवंग गायब होतो म्हणून बरं वाटतं, पण तो गेलेला नसतो, बारीक थेंब होऊन सगळ्या पाण्यात मिसळलेला असतो, आता टिपणार काय?

क्लोरीनचा शॉक, म्हणजे एकदम भरपूर क्लोरीन टाकणं, तर अजिबात नको! क्लोरीनची पावडर इंधनाला लागली तर आग लागू शकते, तवंग पूर्ण जाईपर्यंत डबासुद्धा लांबच ठेवा. साधा व्हॅक्यूम क्लीनरही नको, त्याच्या मोटरची ठिणगी वाफेला लागू शकते. पाणी वाढवून तवंग बाहेर सांडू देणं किंवा पूल गटारात रिकामा करणं हेही नको, घाण फक्त दुसरीकडे जाते, आणि जमिनीतलं पाणी वर असेल तर रिकामा फायबरचा पूल अक्षरशः उचलला जातो.

मग करायचं काय? फक्त तेल शोषणारे पांढरे पॅड मिळतात ते आणा, टॉवेल-स्पंज आधी पाणीच पितात. वारा तवंगाला एका कोपऱ्यात ढकलतो, तिथे पॅड नुसता पृष्ठभागावर ठेवा, दाबायचा नाही, ढवळायचं नाही, जड झाला की अलगद उचलून दुसरा ठेवा. माझे पॅडवर पॅड गेले, पण शेवटी टाइल्सच्या रेषेवर फक्त एक चिकट पट्टा उरला, तो पॅडनेच पुसला. पूलच्या आतलं अस्तर, म्हणजे लायनर, व्हिनाइल प्लास्टिकचा असेल तर ती कड आधी पुसा, पेट्रोलने व्हिनाइल खराब होतं. भिजलेले पॅड झाकणाच्या धातूच्या डब्यात, घराबाहेर, आणि घरच्या कचऱ्यात न टाकता धोकादायक कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते पाण्यात विरघळतं, टिपून निघत नाही, म्हणून नंतर क्लोरीन टिकत नाहीये असं वाटलं तर गोंधळू नका. फिल्टरमध्ये इंधन गेलंच असेल तर कार्ट्रिज धुवत बसू नका, सरळ बदला, वाळू असेल तर तीही. आणि तवंग नाही, वास नाही, क्लोरीन दिवसभर टिकतंय, हे तिन्ही जमल्याशिवाय कोणालाही पाण्यात उतरू देऊ नका.