खाली खाज, अंगावरून पांढरं: ट्यूब आणायच्या आधी काय करायचं

योनीतलं हे बुरशीचं इन्फेक्शन अस्वच्छ राहणाऱ्या बायकांना होतं हे आधी डोक्यातून काढून टाका. कॅन्डिडा नावाची बुरशी कितीतरी जणींच्या योनीत काही त्रास न देता गप पडून असते, तिथले चांगले बॅक्टेरिया तिला आवरून धरतात. मग अँटिबायोटिकचा कोर्स झाला, दिवस राहिले, शुगर वाढली की हे बॅक्टेरिया कमी पडतात किंवा बुरशीला खायला भरपूर मिळतं आणि ती माजते. चारातल्या साधारण तिघींना आयुष्यात एकदा तरी होतंच, त्यामुळे लाजायचं काही नाही.

आता खरं अवघड काम, ओळखायचं कसं. मला यानेच सगळ्यात जास्त दमवलं, कारण पांढरं जातंय म्हटलं की घरच्या बायकांपासून मेडिकलवाल्यापर्यंत सगळे एकच निदान करून मोकळे. बुरशीचं पांढरं घट्ट, फुटलेल्या दह्यासारखं असतं, वास जवळजवळ नसतोच, पण खाज अशी की झोप लागत नाही, लाली, सूज, लघवी करताना बाहेरच्या कातडीला झोंबतं. पातळ, राखाडी आणि माशासारखा वास, विशेषतः संबंधानंतर, तर ते बॅक्टेरियाचं, त्याला बुरशीचं औषध ढिम्म लागू पडत नाही. पिवळट-हिरवं, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास नावाचा परजीवी असू शकतो, तो संबंधातून पसरतो म्हणून नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. आणि पाळीच्या मधल्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्यासारखं तार धरणारं जातं ते नॉर्मल आहे, त्याला काहीही करू नका. इतकं माहीत असूनही अंदाज चुकतो, लक्षणं एकमेकांत मिसळतात, म्हणून पहिल्यांदाच होत असेल तर गायनॅककडे जाऊन तपासून घ्या, गरज वाटली तर त्या स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीने तिथला नमुना, घेतील. फोनवर मैत्रिणीला विचारून हे होत नाही.

आणि ती घरातली गजकर्णाची ट्यूब, तिला हात लावू नका! मी हे ओरडून सांगते. वेष्टनावर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासॉल लिहिलंय का बघा, ते स्टिरॉइड आहे. एका रात्रीत खाज थांबते, बाई खूश, पण बुरशी तिथेच असते, ट्यूब बंद केली की परत उसळते, आणि सतत लावत राहिलं तर कातडी पातळ होते ते वेगळंच.

डॉक्टरांनी क्लोट्रिमॅझोल या बुरशीच्या औषधाची योनीत ठेवायची गोळी दिली असेल तर रात्री झोपताना, हात धुवून, पाठीवर पडून गुडघे दुमडून जाईल तितकी आत सरकवायची. सकाळी पांढरा चुरा बाहेर येतो तो गोळीचा असतो, घाबरू नका, पॅड लावा. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून कोर्स अर्धवट सोडायचा नाही. या औषधाने कंडोम कमजोर होऊ शकतो, त्यावर भरवसा ठेवू नका. बुरशीवरचीच फ्लुकोनॅझोलची तोंडाने घ्यायची गोळी गरोदरपणात मनाने अजिबात नाही.

परत होऊ नये म्हणून बाहेरून साधं पाणी, बास. इंटिमेट वॉश नको, डेटॉलचं पाणी नको, तुरटी नको, आणि दही नाहीतर लसूण आत ठेवा असं सांगणाऱ्यांना नमस्कार करून पुढे व्हा. सुती चड्डी, पूर्ण वाळलेली (पावसाळ्यात दमट घालण्यापेक्षा दोन जास्तीच्या घेऊन ठेवा), जिमचे नाहीतर पोहायचे ओले कपडे लगेच बदलायचे. अँटिबायोटिक घेतलं की दरवेळी होत असेल तर ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा.

वर्षात तीन-चारदा झालं तर मात्र चड्ड्या बदलत बसू नका, एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी, करून घ्या. आधीच डायबेटिस असेल तर चालू गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन आहे का बघा, त्या साखर लघवीतून बाहेर टाकतात आणि बुरशीचं आयतं फावतं. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, गोळ्यांची स्ट्रिप घेऊन शुगरच्या डॉक्टरांकडे जायचं आणि खाली त्रास होतोय असं स्पष्ट सांगायचं, ते स्वतःहून विचारतीलच असं नाही.