छोट्या विनाशिकेची युद्धातली कामगिरी कशी शोधावी

समजा, घरात आजोबांचा नौदलाच्या गणवेशातला फोटो आहे आणि मागे शाईने ‘गोदावरी, १९५६’ एवढेच लिहिलेले आहे. ते ज्या बोटीवर होते ती भारतात येण्याआधी महायुद्ध लढून आली होती. ती कहाणी चिकाटीने शोधता येते, फक्त क्रम चुकवू नका.

आधी बोट नेमकी कोणती ते ठरवा. सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. ‘गोदावरी’ नावाच्या तीन युद्धनौका होऊन गेल्या. पहिली १९४३ मधली स्लूप (ताफ्यांना संरक्षण देणारी छोटी युद्धनौका), जी फाळणीत पाकिस्तानकडे गेली आणि ‘सिंध’ झाली. तिसरी मुंबईत माझगाव डॉकमध्ये बांधलेली फ्रिगेट, १९८३ साली दाखल झालेली. फोटोतली ती मधली : ब्रिटनच्या हंट वर्गातली छोटी संरक्षक विनाशिका, १९५३ साली आपल्या नौदलात आली. तिच्याच वर्गातल्या ‘गंगा’ आणि ‘गोमती’ही त्याच सुमारास आल्या आणि त्यांचीही नावे पुढे नव्या फ्रिगेटना मिळाली. म्हणून नुसत्या नावावर विसंबू नका. साल आणि बोटीच्या अंगावर रंगवलेला पेनंट क्रमांक, म्हणजे तिचा ओळख क्रमांक, सोबत टिपा.

मग मागची नावे शोधा. ‘गंगा’ म्हणजे ब्रिटिशांची ‘चिडिंगफोल्ड’, ‘गोमती’ म्हणजे ‘लॅमर्टन’. ‘गोदावरी’ मूळची ‘बीडेल’, पण १९४२ पासून ती पोलिश नौदलाकडे होती आणि तिचे नाव होते ‘श्लॉन्झाक’. तुम्ही ‘बीडेल’च शोधत बसलात तर युद्धाची सगळी वर्षे कोरी दिसतील.

कागदपत्रांकडे वळण्याआधी बोटीची ताकद समजून घ्या. हिच्या प्रकारच्या बोटी साधारण १,०५० टनांच्या. सहा चार इंची तोफा, पाणबुडीविरोधी बॉम्ब, पण टॉर्पेडो नाहीत. इंधनही मोजकेच मावे. त्यामुळे या बोटी भर अटलांटिकात क्वचितच सापडतात. इंग्लिश खाडी, उत्तर समुद्र आणि भूमध्य समुद्र इथे आधी पाहा.

आता मुख्य अडचण. लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात मोठ्या युद्धनौकांची लॉगबुके (रोजच्या नोंदवह्या) आहेत, पण दुसऱ्या महायुद्धातल्या विनाशिकांची बहुतेक लॉगबुके जपलीच गेली नाहीत. हे कळल्यावर मन खट्टू होते, पण शोध इथे संपत नाही. बोट ज्यांच्या सोबतीला होती त्यांच्या कागदांतून तिला शोधा. तिथल्याच एडीएम १९९ या ब्रिटिश नौदलाच्या कागदांच्या मालिकेत मालवाहू ताफ्यांच्या फायली आणि लढायांचे अहवाल आहेत. ‘लॅमर्टन’चेच बघा : ऑक्टोबर १९४१ मध्ये एका ताफ्याच्या मार्गावर तिने कॅटालिना विमानाच्या जोडीने ‘गॅलिलिओ फेरारिस’ ही इटालियन पाणबुडी बुडवली. ताफा कळला की बोट सापडते. ‘श्लॉन्झाक’साठी लंडनच्याच सिकोर्स्की संग्रहालयातले पोलिश कागद पाहायला हवेत.

एका घटनेची किमान दोन वर्णने ताडून बघा. १९ ऑगस्ट १९४२ ला जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्सच्या दिएप बंदरावर दोस्त राष्ट्रांनी केलेल्या हल्ल्यात पहाटे ३.४७ ला दोस्तांच्या छोट्या बोटींची जर्मन ताफ्याशी अचानक गाठ पडली. ‘श्लॉन्झाक’ आणि ‘ब्रॉकल्सबी’ या विनाशिका तिथून फार लांब नव्हत्या, तरी मदतीला आल्या नाहीत, कारण पोलिश कप्तानाला वाटले की गोळीबार किनाऱ्यावरून होतोय. एकच अहवाल वाचलात तर हा माणूस भित्रा वाटेल. त्याच दिवसाची पुढची पाने वाचलीत तर हीच बोट किनाऱ्याजवळ येऊन कॅनेडियन सैनिकांना पाण्यातून उचलताना दिसते. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. निवाडा देण्याआधी सबंध दिवस वाचा.

वेळा जुळवताना आकड्यापुढचे अक्षर पाहा. झेड म्हणजे ग्रीनिच वेळ, ए म्हणजे तिच्यापेक्षा एक तास पुढे. हे निसटले की दोन अहवाल विनाकारण भांडतात.

शेवटी तारीखवार वही करा. दिएप, १९४३ चे सिसिली, ६ जून १९४४ ला नॉर्मंडीतल्या सोर्ड किनाऱ्यासमोरचा तोफमारा, हे लिहालच. मधले शांत दिवसही लिहा. त्या दिवशी ताफ्यात किती जहाजे निघाली आणि किती पोहोचली, हे त्याच ओळीत नोंदवा.