गंजलेला दरवाजा: घरच्या अंगणात प्रायमर

आमची गाडी मालवणात किनाऱ्यालगत उभी असते. खारं वारं लागून दरवाजाची खालची कड फुगली होती. आधी गोड्या पाण्याने मीठ धुतलं, मग वॅक्स-ग्रीस रिमूव्हर फिरवला. हे घासण्याआधीच करायचं, नाहीतर तेलकटपणा ओरखड्यांत बसतो. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने पत्रा पांढरा पडेपर्यंत गंज काढला. रंगाची कड १८० आणि ३२० ने उतरती केली. बोटाला पायरी लागता कामा नये.

उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी टू-पॅक (हार्डनर मिसळून वापरायचा) इपॉक्सी प्रायमर, म्हणजे गंज रोखणारा पहिला थर. नुसता करडा सरफेसर (घासून सपाट करायचा भरणीचा थर) ओल शोषतो, आणि आमच्याकडे ओलीला काय तोटा! पुट्टी इपॉक्सीवरच भरली, आणि तिच्यावर टू-के, म्हणजे टू-पॅकच, सरफेसर. पावसाळ्यात या कामाला हात लावू नये. हिवाळ्यातही दव सुकल्यावरच फवारावं. पत्रा दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा) किमान ३ अंश सेल्सिअसने गरम हवा. टू-के सरफेसरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं, तोंडाला बांधलेला रुमाल तिथे कुचकामी. योग्य काडतुसांचा मास्क घाला आणि शेजाऱ्यांनाही लांब ठेवा.

शेवटी काळ्या रंगाचा हलका फवारा मारून ६०० च्या वॉटर पेपरने घासलं. काळं उरेल तिथे खड्डा. दरवाजाखालची पाणी निथळायची भोकं मात्र पुट्टीने बुजवू नका.