प्लेवर चढवल्यावर गूगल लॉगिन बंद: एरर १०

वाशीतल्या एका क्लासचं अ‍ॅप. केबल लावून थेट फोनवर टाकलेलं रिलीज बिल्ड (लोकांना द्यायची तयार आवृत्ती) मस्त चाले, प्ले स्टोअरवरून उतरवलं की गूगल लॉगिन ‘१०’ एरर देऊन आपटे. इथे कोड उकरत बसणं व्यर्थ. प्लेवर चढवताना अ‍ॅपवर आपली डिजिटल सही असते अपलोड-कीची. गूगल ती तपासून स्वतःकडच्या साइनिंग-कीने एपीके (अ‍ॅपची फाइल) साइन करून फोनवर पाठवतं. त्यामुळे एसएचए-१ ठसा (सहीच्या सर्टिफिकेटची ओळखखूण) बदलतो, आणि ज्या फायरबेसमध्ये (गूगलची अ‍ॅपसाठीची सेवा) अ‍ॅप नोंदवलंय त्याला या नव्या ठशाचा पत्ताच नसतो.

प्ले कन्सोलच्या (अ‍ॅप चढवायची डेव्हलपरची साइट) अ‍ॅप साइनिंग पानावर दोन सर्टिफिकेटं दिसतात. अपलोडचं सोडून दुसऱ्याचा एसएचए-१ फायरबेसच्या प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपखाली जोडला. जुना ठसा काढू नका, टेस्टिंगला तोच लागतो. नवं बिल्ड सहसा चढवावं लागत नाही. गूगल मॅप्सची की (अ‍ॅपमध्ये नकाशा दाखवायला लागणारा कोड) ठशाला बांधली असेल तर तिथेही हाच घाला, नाहीतर नकाशा कोरा.