फ्रेमवर गोधडी लावताना या चुका टाळा

चार रिपा (लाकडाच्या लांब पट्ट्या), कोपरे आवळायला चार सी-क्लॅम्प आणि टेकायला चार खुर्च्या, झाली गोधडी शिवताना ताणून धरायची फ्रेम. म्हणूनच जो तो घरी बनवतो आणि नंतर "मावशी, गोधडीला घोळ का आला?" म्हणून मला फोटो पाठवतो. फोटोत घरं वेगवेगळी, चुका त्याच.

सगळ्यांत वाईट चूक म्हणजे अस्तर, म्हणजे गोधडीचं खालचं कापड, ताणून बसवणं. वाशीच्या एका ओळखीच्या बाईंनी लेकीच्या लग्नासाठी डबलबेडची गोधडी लावली. अस्तराला धुवून धुवून मऊ झालेल्या दोन सुती साड्या जोडलेल्या. एका बाजूने त्या, दुसऱ्या बाजूने त्यांचे मिस्टर. ओढून ओढून ढोलकीसारखं टणक केलं. त्यावर आत भरायची फायबर शीट, वर ठिगळकाम, आणि तिन्ही थर बांधायला सगळीभर दोऱ्याच्या गाठी. दिसायला झकास! क्लॅम्प सोडले आणि अस्तर आलं आपल्या मूळ मापावर. वरचं कापड जाणार कुठे? दर चार गाठींमध्ये एक टेंगूळ. मला बोलावलं तेव्हा लग्न तोंडावर आलेलं, आणि विचारतात काय, तर इस्त्रीने बसेल का! फायबरवर गरम इस्त्री फिरवली तर ते चपटं होऊन बसतं, तेवढंच. शेवटी एकेक गाठ कापली आणि अस्तर नव्याने लावलं.

सुरकुती जाईल इतकंच ओढा. मी मधोमध बोट टेकवून बघते, कापड इंचभर खाली गेलं पाहिजे. मग रात्रभर तसंच ठेवते आणि सकाळी जिथे सैल पडलंय तेवढंच पुन्हा टाचते. रात्रभर थांबायला वेळ नसेल त्यांनी बाजारातून रजई आणावी. आणि फायबर तर ओढायचंच नाही, नुसतं पसरायचं.

फ्रेम काटकोनात नसणं, हे माझं दुसरं दुखणं. "गुण्या (सुताराचा काटकोन) लावून बघितलं" म्हणतात. वीतभर गुण्याने आठ फुटांची रीप काय कळणार? कोपऱ्यात केसाएवढा फरक असला तरी टोकाला बोटभर होतो. समोरासमोरच्या बाजू सारख्या करा, मग टेपने दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले की क्लॅम्प आवळा आणि आवळल्यावर परत मोजा, कारण आवळताना रीप हमखास सरकते.

पावसाळ्यात वखारीतून रिपा आणून त्याच संध्याकाळी फ्रेम बांधू नका, पुढे पीळ पडतो. आणायच्या आधी लिफ्टची उंची मोजा. आठ फुटी रीप जिन्याने वर चढवायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. घासायला पॉलिश पेपर हवाच, कुसळं साडीत अडकतात.

ड्रॉइंग पिना तर नकोच. ठाण्याच्या जुलैत त्या बघता बघता गंजतात आणि अस्तरावर पडलेले तपकिरी डाग धुऊन जात नाहीत. मी रिपांवर जुन्या चादरीचा पट्टा ठोकून ठेवलाय, अस्तर त्यालाच मोठ्या टाक्यांनी शिवते.

अस्तर चारही बाजूंनी चार इंच जास्त घ्या. सुलटी बाजू खाली. (हो, हेही चुकतं.)

व्हिडिओत सांगतात, मधून सुरुवात करा. ते जमिनीवर पसरून करणाऱ्यांसाठी. फ्रेमवर मध्यापर्यंत हात पोचतच नाही. कडेने कच्चे टाके किंवा गाठी घालायच्या, तेवढा भाग रिपेवर गुंडाळायचा आणि आत सरकायचं. गुंडाळताना दोन माणसं हवीत, एकट्याने केलं की तिरकं जातं.

गाठ आधी उजवं टोक डाव्यावर घेऊन, मग डावं उजव्यावर. दोन्ही वेळा एकाच बाजूने घेतली तर पहिल्या धुण्यात सुटते. दोन गाठींमध्ये चार बोटांचं अंतर ठेवा. आत सुटा कापूस भरला असेल तर याहून जवळ, नाहीतर तो एका कोपऱ्यात गोळा होतो.

फ्रेमवरून उतरवली की लगेच कात्री घेऊन कडा कापायला बसतात. ती रात्रभर जमिनीवर पडू द्या, कापड आपल्या जागी येऊ द्या. कडा दुसऱ्या दिवशी कापा आणि मगच कडेची पट्टी लावा.