ऑपरेशनच्या आधी मुलाला डॉक्टर होऊ द्या

हर्नियाचं किंवा टॉन्सिलचं ऑपरेशन ठरलं की घरात एकतर मुलाला काहीच सांगत नाहीत, नाहीतर ‘काही दुखत नाही रे, आइस्क्रीम मिळेल’ म्हणून वेळ मारून नेतात. दोन्हींचा हिशेब थिएटरच्या दारात चुकता करावा लागतो. त्यातून ‘गप बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील’ असा धाक वर्षभर घातला असेल तर विचारूच नका.

पहिलं म्हणजे वेळ. तीन-चार वर्षांच्या पोराला एक-दोन दिवस आधी सांगा, सहा-सातच्या पुढच्याला पाच-सहा दिवस आधी. सोलापुरात एकाच वाड्यात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चालते. मूल ज्या भाषेत रडतं त्याच भाषेत सांगा.

मग खेळ मांडा. गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेतला खेळण्यातला डॉक्टर सेट असला तर उत्तम. नसला तर बाहुली, कापूस, चिकटपट्टी आणि सुई नसलेली सिरिंज पुरे. टॉवेल अंथरून बाहुलीला झोपवा. डॉक्टर मूलच होणार, तुम्ही पेशंटचे नातेवाईक. बाहुलीच्या हाताला चिकटपट्टीने दोरा लावला की झालं सलाईन. आता शिकवू नका, ऐका. ‘हिचं पोट सगळं कापणार?’, ‘आई बाहेर का?’ हे प्रश्न बाहुलीचे नसतात. तिथल्या तिथे खरं, थोडक्यात उत्तर द्या: सुई टोचताना दुखेल, पण थोडाच वेळ. भुलेचं औषध दिल्यावर ऑपरेशन चालू असताना काही कळणार नाही, काम झालं की जाग येईल. कंटाळा आला की खेळ आवरा.

मास्कचा सराव मात्र जरूर करा. लहान मुलांना भूल बऱ्याचदा मास्कमधून वायू हुंगवून देतात आणि त्याला जोडलेली रबरी पिशवी श्वासागणिक फुगते, बसते. साबणाचे फुगे उडवायला लावा, नेब्युलायझरचा मास्क घरात असेल तर आधी बाहुलीला, मग स्वतःला लावू द्या. वास जरा वेगळा येईल हेही सांगून ठेवा.

बाहुलीलाही उपाशी ठेवा! साधारण नियम असा: जेवण आणि वरचं दूध 6 तास आधी बंद, आईचं दूध 4 तास, पाणी 2 तास, पण तुमच्या भूलतज्ज्ञांनी सांगितलेली वेळच शेवटची. पोटात अन्न असलं तर भुलेत ते उलटून फुफ्फुसात जाऊ शकतं. म्हणून आजीला आधीच बजावा, कडक भाकरीचा तुकडासुद्धा गुपचूप द्यायचा नाही.

दवाखान्यात आधी विचारून घ्या: बाहुली आत नेता येईल का, भूल चढेपर्यंत आई-वडिलांपैकी एकाला थांबू देतात का, सुईच्या जागी बधिर करणारं मलम लावतात का (ते तासभर आधी लावावं लागतं). थांबायचं असेल तर दोघांपैकी ज्याचा चेहरा कमी उतरतो त्याने थांबावं. मुलाने न पाहिलेलं एखादं कार्टून मोबाइलमध्ये त्या वेळेसाठी राखून ठेवा.

शुद्धीवर येताना काही मुलं किंचाळतात, आईलाही ओळखत नाहीत. घाबरू नका, नर्सना हाक मारा आणि त्यांना विचारून मुलाला जवळ घ्या.